मंदाच्या नावाचे निळे ठिपके

जुई, ये गं, अशी जवळ ये. लांबून वाचू नकोस. आणि तो फोन आधी पालथा घाल — आजीला एक फोन करायचा तर तुझी बोटं दुखतात, आणि त्याच्यावर दिवसभर नाचतात बरी! दिवाळीनंतर किती वेळा आठवण काढलीस माझी? काय खातेस तिकडे बंगळुरात? आवाजावरून बारीक झाल्यासारखी वाटतेस. डबा वेळेवर खात जा, सांगून ठेवते. असो. रागावले नाही मी. रागवायचं तोंड मला कुठं आहे — ते तुला पुढं कळेलच.

हे मी कोणाला सांगितलेलं नाही. तुझ्या आजोबांना नाही, तुझ्या बाबाला नाही. देवापुढं हात जोडले तेव्हाही हे सोडून बाकीचं बोलले. चौथी शिकलेली बाई मी, वाण्याच्या पुड्यांचे कागद वाचून वाचून पुढचं शिकले. लिहायला बसले की ओळ उतारावरून चालल्यासारखी खाली घसरते. तरी लिहितेय. तोंडानं सांगायला गेले असते तर मध्येच चहा ठेवायला उठले असते, आणि चहा झाल्यावर दुसरंच काहीतरी बोलले असते. स्वतःला ओळखते मी.

तुला आठवतं, दिवाळीत फराळाच्या ताटाशेजारी लॅपटॉप उघडून तू मला चित्रं दाखवलीस? उंदरीच्या अंडाशयातल्या पेशी म्हणालीस. काही हिरव्या दिव्यासारख्या पेटलेल्या, काही काळ्या ठिक्कर. “आजी, या जाग्या आहेत, या झोपल्यात. यांना कॅडमियम दिलं होतं.” मग म्हणालीस, “जनुकं तीच असतात गं, मोडत नाहीत. कोणतं कधी चालू करायचं, कधी बंद, ते सांगणारी यंत्रणा बिघडते.” आणि मी काय म्हणाले? म्हणाले, “चकली घे, मऊ पडतील.” तू हसलीस. तुला वाटलं, आजीला यातलं काय कळणार. लॅपटॉप मिटलास.

मला कळत होतं, जुई. तू सांगितलेलं जवळजवळ शब्दाला शब्द मी आधी ऐकलेलं होतं — तुझा बाबा शाळेत होता तेव्हा. मरोळच्या एका गाळ्यात, पाठीमागच्या दाराशी, उलट्या ठेवलेल्या ड्रमवर बसून. कुठून सुरुवात करू?

गाळ्यापासूनच करते. तुझ्या आजोबांची गिरणी संपात गेली ती गेलीच. आम्ही तेव्हा असल्फ्याच्या डोंगरावर राहायचो, घाटकोपरच्या बाजूला. मला मरोळच्या इंडस्ट्रियल इस्टेटीत काम मिळालं. प्लेटिंगचा गाळा. म्हणजे लोखंडाचे बोल्ट, पट्ट्या, कसले कसले पत्र्याचे तुकडे तारेला टांगायचे, टाकीत सोडायचे, वीज लावायची, की त्यावर कॅडमियमचा लेप चढायचा. गंज धरू नये म्हणून. टाकीतून निघालेला माल दुसऱ्या पाण्यात बुडवला की त्यावर पिवळी झाक यायची, मधेच जांभळी, मधेच हिरवी. मला आवडायचं ते बघायला. खोटं कशाला बोलू?

दोन वर्षांत शेठनं मला मुकादम केलं. मग बायका मीच आणल्या. आमच्याच डोंगरावरच्या, बहुतेक कोकणातल्या, नवऱ्यांच्या गिरण्या गेलेल्या. मला धरून पंधराजणी. सकाळी बसनं साकीनाक्यावरून जायचं, संध्याकाळी यायचं. मला सगळ्या ताई म्हणायच्या. बरं वाटायचं गं. चाळीत नळावर मला वाट करून द्यायच्या.

गाळ्याला खिडकी एकच, तीही पलीकडच्या गाळ्याच्या भिंतीला टेकलेली. पंखा होता बाहेर हवा टाकणारा, तो बंद पडला तो पडलाच. दोन वस्तू कपाटात यायच्या. एक पांढरं मीठ — ते जहर, चिमूटभर पोटात गेलं तर माणूस जागच्या जागी, असं शेठनं पहिल्याच दिवशी सांगितलेलं. त्याला कुलूप. किल्ली माझ्या कमरेला. दुसरी कॅडमियमची तपकिरी पूड, हुबेहूब नाचणीच्या पिठासारखी. ती उघड्या डब्यात. तिला कोण घाबरणार? नाचणी खाऊन वाढलेल्या बायका आम्ही. वजन करताना ती उडायची, पापण्यांवर बसायची, पदरानं पुसायचो आणि त्याच पदराला हात पुसून भाकरी खायचो. पांढऱ्याला घाबरलो आणि तपकिरी खाल्ली — रोज, थोडी थोडी. मळमळायचं सगळ्यांनाच. आम्ही म्हणायचो पित्त.

आता ते ठिपके. नीट ऐक, कारण सगळं त्यांच्यावरच उभं आहे.

प्लेटिंगवाल्यांमध्ये एक समजूत होती — शेठ मानायचा, आम्हीही मानायचो — की बाजूला बसायच्या दिवसांतली बाई टाकीजवळ गेली तर पाणी फिरतं. म्हणजे लेप धरत नाही, माल काळा पडतो. म्हणून त्या चार दिवसांत बाईला टाकीपासून लांब, दाराजवळच्या टेबलावर तारा वळायला बसवायचं. “ताई, आज मी टेबलावर,” एवढंच म्हणायचं. पुढचं मी समजायचे. कोण कधी टेबलावर, हे लक्षात ठेवायचं काम मुकादमाचं. म्हणून मी कॅलेंडरवर खुणा करायला लागले. निळ्या शाईचा ठिपका आणि शेजारी नावाचं पहिलं अक्षर. गाळ्यात देवाचं कॅलेंडर होतं, पण त्याच्यावर असलं कसं लिहायचं? मग टायरच्या दुकानातून बर्फाच्या डोंगराचं एक मागून आणलं आणि कपाटाच्या दाराला आतून टांगलं. डोंगराला काय विटाळ!

हसलीस? हस. मीही तेव्हा हसायचे. आमच्यातली एक फार थट्टेखोर होती, ती म्हणायची, “ताई, आमच्या नवऱ्यांनासुद्धा माहीत नाही एवढं तुमच्या त्या डोंगराला माहीत.”

पहिल्या वर्षी त्या कॅलेंडरवर ठिपकेच ठिपके होते. दुसऱ्या वर्षी कमी. तिसऱ्या वर्षी — आता बोट फिरवून बघते तर आख्ख्या श्रावणात चार. पंधरा बायका आणि चार ठिपके. तेव्हा मला काय वाटलं असेल सांग? मला वाटलं, बरं झालं. टाकीवर हात कमी पडत नाहीत. माझंही थांबलं होतं, अडतिसाव्या वर्षी. मी सुटले म्हणून देवीला नारळ फोडला.

तुला आता दिसतंय ना, काय उफराटं झालं ते? ठिपका असलेली बाई चार दिवस तरी दाराच्या हवेत बसायची. जिचा ठिपका नाही ती महिनाभर टाकीवर.

मंदा आमच्या शेजारच्या गोदाकाकूंची सून. हो, तीच मंदा — तुझी मंदामावशी. संक्रांतीला बोरिवलीहून तिळाच्या वड्या पाठवते ती. तुला आम्ही एवढंच सांगत आलो की ती बाबाच्या चाळीतली, तिचं लग्न टिकलं नाही, भावाकडे राहते. लग्न कसं टिकलं नाही, ते कोणी तुला सांगितलं नाही. मी कशी सांगणार?

वीस वर्षांची होती. सावंतवाडीकडची. हात इतका हलका की तराजूचा काटा तिच्या हातात लाजायचा. मीच तिला गाळ्यात नेलं. गोदाकाकूंची तयारी नव्हती, मीच म्हटलं, माझ्या डोळ्यांसमोर असेल, काळजी करू नका. माझ्या डोळ्यांसमोर — हे शब्द माझे.

सात-आठ महिने झाले आणि मंदाचे ठिपके थांबले. एक महिना नाही, दुसरा नाही. त्यात तिला मळमळायला लागलं. मळमळत तर आम्हा सगळ्यांनाच होतं, पण नवीन लग्न झालेल्या पोरीचं मळमळणं आम्ही वेगळं धरलं. तिनं मला काही सांगितलं नव्हतं, ती सांगणारी नव्हेच. मीच कॅलेंडर बघितलं, मीच ठरवलं, आणि नळावर मीच गोदाकाकूंच्या कानात सांगितलं. तीन महिने होईपर्यंत बोलू नये, एवढाही धीर मला धरवला नाही. गोडाची बातमी देणारी व्हायचं होतं ना मला! काकूंनी घरच्या देवीला गाऱ्हाणं घातलं, चाळभर पेढे वाटले. मंदा लाजली. तिनं मानलं — मोठ्या बायका सांगताहेत तर असेलच. दवाखान्यात जाऊन बघावं असं तेव्हा कोणाच्या मनात यायचं?

अडीच महिन्यांनी तिला टाकीजवळच लाल झालं. सगळ्यांनी मान हलवली. पडलं म्हणाल्या.

वर्षाच्या आत दुसऱ्यांदा तेच. ठिपका नाही, दोन महिने नाही. या वेळी मी फार काळजी घेतली. तिला टाकीवरून काढलं. म्हटलं, जड उचलायचं नाही, वाकायचं नाही, बसून हलकं काम कर. आणि कुठं बसवलं तिला? मागच्या खोलीत. दार लावून, वारा लागून पूड उडू नये म्हणून. तपकिरी पूड जोखायला.



या वेळीही अडीच महिन्यांनी गेलं. गोदाकाकू तिच्या हातचं पाणी घ्यायच्या बंद झाल्या.

त्याच सुमारास गाळ्यात एक बाई यायला लागल्या. गल्लीच्या तोंडाशी धर्मादाय दवाखाना होता, तिथं आमच्यातल्या दोघी-तिघींनी अंगदुखीचं, पित्ताचं सांगितलं होतं, तिथून त्यांना पत्ता लागला. तीस-बत्तिशीच्या. जाड भिंगाचा चष्मा, खादीचा झोळा. डॉक्टर म्हणायचे त्यांना, पण सुया टोचणाऱ्या नव्हेत — तू करतेस तसलं करायच्या. जेवणाच्या सुट्टीत मागच्या दाराशी बसून आमच्या चटणीची चव घ्यायच्या. चांगल्या होत्या गं. फार चांगल्या होत्या. आपल्याला काही येत नाही असं वाटू द्यायच्या नाहीत.

एक दिवस मी त्यांना सहज विचारलं, नेमकं बघता काय तुम्ही? त्यांनी मालाच्या पुड्याचा कागद ओढला आणि पेन्सिलीनं गोल काढले. म्हणाल्या, बाईच्या अंडाशयात अशा हजारो पेशी. प्रत्येकीत एकच मोठी पोथी. पण सगळी पानं एका वेळी उघडायची नसतात. कोणतं पान कधी उघडायचं, ते बघायला राखणदार असतात, आणि त्यांतल्या काहींच्या हातात जस्ताची किल्ली असते. कॅडमियम जस्तासारखंच दिसतं. ते जस्ताला ढकलतं आणि त्याच्या जागी बसतं. मग राखणदार उभा आहे, पोथी जागेवर आहे, पण किल्ली लागत नाही. बीज पिकवायचं पान उघडत नाही. नको ते उघडं राहतं.

मी म्हटलं, “म्हणजे अंगाला फसवतं?”

“हो ताई. अंगाला कळतच नाही, हा परका आहे म्हणून.” मग घाईनं म्हणाल्या, “हे मी उंदरांत थोडंसं बघितलंय हं. बाईमाणसांत असंच होतं, असं मी आज सांगू शकत नाही. त्यासाठीच तुमच्या तारखा हव्यात. वर्षा-दोन वर्षांच्या. कोण ठेवतं असल्या नोंदी? तुमच्याकडे असतील का काही?”

आणि मग एक गोष्ट बोलल्या. मंदाचं त्यांच्या कानावर आलं होतं. म्हणाल्या, “त्या मुलीला दिवस गेलेच नसतील, ताई. पाळी थांबली म्हणजे दिवस गेले असं नसतं. तारखा मिळाल्या तर मी तिच्या घरी येऊन समजावीन.”

जुई, कॅलेंडर माझ्यापासून दहा पावलांवर होतं. कपाटाच्या दाराला. किल्ली माझ्या कमरेला.

मी म्हटलं, “छे हो, असलं कोण लिहून ठेवतं.”

का म्हटलं? शेठनं सकाळीच मला बोलावून सांगितलं होतं, “शालन, त्या बाईनं काही लिहून वर पाठवलं तर मी टाक्या उचलतो आणि वापीला नेतो. तुम्ही बसा घरी पापड लाटत.” पंधरा घरांच्या चुली माझ्या डोळ्यांपुढं आल्या, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. आल्याही असतील. पण त्यांच्या आधी दुसरंच आलं होतं. पेढे आले डोळ्यांपुढं. ती मागची खोली आली. त्या बाई मंदाच्या घरी जाऊन बोलल्या असत्या तर पहिला प्रश्न काय निघाला असता? तिला दिवस गेले हे सांगितलं कोणी? तिला पुडीवर बसवलं कोणी? नळावरची माझी वाट गेली असती. एवढंच. एवढ्यासाठी.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांना सांगून ठेवलं — बाई विचारतील, वेळेवर येते म्हणायचं. त्यांनी वही काढून एकेकीला विचारलं. वेळेवर. वेळेवर. वेळेवर. मंदाचा नंबर आला तेव्हा तिनं माझ्याकडं बघितलं. मी टाकीत बघत होते. “वेळेवर येते,” म्हणाली मंदा. बाईंनी पेन्सिल खाली ठेवली. त्यांना समजलं असणार. झोळा उचलताना मला म्हणाल्या, “ताई, तुम्हाला आठवलं कधी काही, तर दवाखान्यात निरोप ठेवा.” मी ठेवला नाही. नंतर त्या यायच्या बंद झाल्या.

आणि मंदा? तिला मी मागच्या खोलीतून काढली का? हे आता कळलं होतं ना मला, ती पूड काय करते? काढली नाही. एकदम का काढली असं कोणी विचारलं असतं तर? आणखी तीन महिने ती त्या खोलीत बसली. दार लावून. मी बाहेरून आवाज द्यायचे, “मंदा, झालं का गं?” आत खोकत “झालं ताई” म्हणायची. ते दार मला अजून दिसतं. त्याची कडी बाहेरून नव्हती. कोणीही उघडू शकलं असतं. आणि ज्या बाईला ते माहीत होतं, ती रोज दारापर्यंत जाऊन परत यायची.

तुला वाटेल, हाच आजीचा अपराध. मलाही इथंच थांबावंसं वाटतंय. पण अजून एक राहिलंय. तेच खरं सांगायचं होतं. बाकी सगळं त्याच्याभोवती घिरट्या घालणं.

गोदाकाकूंच्या खोलीत बैठक बसली. रविवारची सकाळ, बाहेर नळ चालू, पोरं ओरडताहेत. मंदाचे वडील गावाहून आलेले, टोपी गुडघ्यावर. भाऊ उभा. नवरा सुरेश खाटेच्या टोकाला, जमिनीत डोळे घालून — वाईट नव्हता तो, पण आईपुढं त्याचं तोंड उघडायचं नाही. मंदा मोरीच्या उंबऱ्यावर. मला मुद्दाम बोलावलेलं. कारण मी तिला रोज बघणारी, आणि मी मुकादम, माझा शब्द चालणारा.

मंदाचे वडील हळू म्हणाले, पोरीला जेमतेम दोन वर्षं झाली, दोन पोटं गेली, जातात कोणाकोणाची, थोडा धीर धरा. गोदाकाकू त्यांच्याशी बोलल्याच नाहीत. माझ्याकडं वळल्या.

“शालन, तूच सांग गो. तू तिका रोज बघतंस. एवढ्यो बायको थंय काम करतत, सगळ्यांचा असाच होता, की हिच्यातच खोट आसा?”

बघ जुई, प्रश्न किती सरळ होता. असा नेमका प्रश्न माणसाला आयुष्यात एकदाच कोणीतरी विचारत असेल. सगळ्यांचं असंच होतं की हिच्यातच खोट? याचं उत्तर अख्ख्या मुंबईत एका कपाटाच्या दारावर लिहिलेलं होतं, आणि ते फक्त मी वाचलेलं होतं. “सगळ्यांचं असंच आहे काकू” — चार शब्द. माझंसुद्धा तसंच आहे, म्हणाले असते तरी पुरलं असतं.

मंदानं मान वर केली. तिला वाटलं होतं मी बोलेन. तिच्या चेहऱ्यावर अगदी — सुटल्यासारखं काहीतरी आलं होतं. ताई आहेत ना.

मी म्हटलं, “बाकीच्यांचं व्यवस्थित आहे. हिच्याच तारखा मागंपुढं असतात.”

झालं. एवढंच बोलले मी. आवाजसुद्धा चढवला नाही. बाईंच्या वहीत मी तिला सगळ्यांबरोबर वेळेवर बसवली, आणि बैठकीत तिला एकटीलाच बाहेर काढली. दोन्ही वेळा खोटं, आणि दोन्ही वेळा ते तिच्याच अंगावर लिहिलं.

मंदा रडली नाही. तिनं परत मान खाली घातली आणि साडीच्या काठावरची तपकिरी पूड नखानं खरवडत बसली. दुपारच्या गाडीनं वडील तिला घेऊन गेले. पुढच्या वैशाखात सुरेशचं दुसरं लग्न झालं. मी अक्षता टाकल्या.

शेठचं म्हणशील तर त्यानं दोन वर्षांत टाक्या वापीला नेल्याच. कोणी काही लिहून वर पाठवलं नव्हतं तरीही. बैठकीनंतर ठिपके मांडायचं मी सोडलं होतं. शेवटच्या दिवशी मी ती तीन कॅलेंडरं गुंडाळून पदराखाली घालून घरी आणली. जाळायला आणली होती. जाळवली नाहीत. असल्फ्याहून मुलुंडला आलो तेव्हाही ट्रंकेच्या तळाशी आली माझ्याबरोबर. या फ्लॅटला पाच खिडक्या आहेत, सगळ्या उघड्या टाकते मी, सून ओरडते डास येतात म्हणून. तरी बरेचदा वाटतं, मी त्याच गाळ्यात आहे, पंखा बंद पडलाय, आणि आतून कोणीतरी “झालं ताई” म्हणतंय.

मंदा नंतर भावाबरोबर बोरिवलीला आली. बालवाडीत पोरं सांभाळायचं काम धरलं. आजोबा गेले तेव्हा दहा दिवस इथं येऊन राहिली, माझ्या तळपायांना तेल चोळलं. चोळता चोळता म्हणाली, “ताई, तुम्ही मला काम शिकवलंत, बाहेर पडायची सवय लावलीत, म्हणून पुढं निभावलं.” तिला खरंच तसं वाटतं, जुई. मी पाय ओढून घेतले नाहीत.

आणि तुझं बारसं. ती दाराबाहेरच उभी राहिली होती. आत ये, असं मला म्हणायचं होतं, पण माझी जीभ उचलेना. तुझ्या आईला यातलं काही ठाऊक नव्हतं, ती सरळ गेली आणि तुला तिच्या हातात ठेवून आली. मंदानं तुझ्या पायाची बोटं मोजली. एकदा. मग पुन्हा एकदा. मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी घासत बसले.

तू अभ्यासाला हाच विषय कुठून उचललास गं? मी काही बोलले नव्हते. दिवाळीत त्या काळ्या पेशी बघितल्या आणि मला माझेच कोरे महिने दिसले.

ट्रंक काढलीय. कॅलेंडरांना कसर लागलीय कडेला, पण ठिपके शाबूत आहेत. मं, मं, मं — आणि मग नाही. काल दिवसभर मांडीवर घेऊन बसले होते. तुझ्या कामाची आहेत, हे मला समजतं. तीन वर्षं, पंधरा बायका, तारीखवार. त्या बाईंना हवं होतं ते सगळं. पण आधी तुला देणार नाही. गुरुवारी मी बोरिवलीला जाते आहे. मंदाच्या पुढ्यात उघडणार आहे. तिला वाचता येतं, मी ठिपक्यांवर बोट ठेवायची गरज नाही. बैठकीत काय बोलले ते तिनं ऐकलेलंच आहे. ते खोटं होतं, एवढंच तिला माहीत नाही. ते सांगणार.

आणि बघ — तरीही पहिलं पत्र तुलाच लिहिलं. सोप्या माणसाला आधी सांगितलं. आजही.

ती काय म्हणेल ते म्हणेल. कॅलेंडरं तिनं ठेवून घेतली तर तिची. फाडली तर तिची. परत दिली तर तुझ्यासाठी आणून ठेवते.

तू ये. सुट्टी मिळेल तशी, पण लवकर. कॅलेंडरं असोत नाहीतर नसोत. खिडक्या उघड्या असतील.

आजी